शिश्नरोपणाची पुनर्शस्त्रक्रिया व आकार

मधुमेहादी विकारांमुळे इंद्रियाचे ताठरपण नष्ट झाले व औषधांनी गुण आला नाही, तर शिश्नात कृत्रिम दंड बसविता येतात. पंपाने फुगणारे रोपण १९७३ साली अमेरिकेत पुढे आले. मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी तयार केलेल्या सिलिकोनच्या रोपणावरील आवरण काढता येते. त्यामुळे जाडी कमी-अधिक करता येते.

रोपण बिघडल्यास वा जंतुसंसर्ग झाल्यास पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. ‘आता लांबी घटेल काय?’ इंदूरच्या कृष्णपुऱ्यात असो वा एखाद्या खेड्यात, ही शंका संकोचापोटी सहसा उच्चारली जात नाही. बिघडलेले रोपण काढून त्याच वेळी नवे बसविल्यास लांबीत बहुधा मोठा फरक पडत नाही. संसर्गामुळे ते काढून जागा काही महिने रिकामी राहिली, तर मात्र आतील मऊ ऊतींच्या जागी कठीण व्रण तयार होतो, इंद्रिय आकसते आणि पुढे आखूड, बारीक दंड घ्यावा लागतो. म्हणून योग्य रुग्णांत शल्यचिकित्सक जागा धुऊन त्याच बैठकीत नवे रोपण बसवितात. मापापेक्षा लांब दंडाने लांबी वाढत नाही. उलट तो त्वचेबाहेर येण्याचा धोका असतो. सूज, पू वा ताप दिसताच लाज न बाळगता त्वरित रुग्णालयात जावे.