हृदयविकारानंतर चालताना मनगटावरचा बँड

हार्ट अटॅक किंवा अँजिओप्लास्टीनंतर डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली, की फिटनेस बँड कामी येतो. मात्र त्याचे आकडे वाचता यायला हवेत.

बँडच्या मागचा हिरवा दिवा त्वचेखालच्या रक्तप्रवाहातले चढउतार टिपतो आणि त्यावरून ठोके मोजतो. पट्टा सैल असेल, तर आकडा चुकतो.

‘२२० वजा वय’ हा कमाल ठोक्यांचा हिशेब इथे लावू नये. मेटोप्रोलॉलसारख्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांमुळे ठोके मुळातच कमी राहतात. आपली मर्यादा डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावी. साधी खूण: चालता चालता बोलता यावं, दम लागून वाक्य तुटू नये.

१०,००० पावलांचं लक्ष्य १९६५च्या एका जपानी पेडोमीटरमुळे रूढ झालं. ते डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन नव्हे. आधी आठवडाभराची स्वतःची सरासरी पाहावी, मग हळूहळू वाढवावी. वसई-विरार भागात राहत असाल, तर सुरुवातीला वसई किल्ल्याच्या परिसरातला सपाट रस्ता बरा. विरारच्या जीवदानी मंदिराच्या पायऱ्या किंवा लोकल पकडायला पुलावरून धावणं डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

छातीत दाब, धाप किंवा चक्कर जाणवली, तर आकडा काहीही असो, लगेच थांबावं. त्रास ओसरला नाही, तर १०८ला फोन करावा. बँड ठोके मोजतो. हार्ट अटॅकचं निदान करत नाही.