जमावातील माणूस : सामाजिक मानसशास्त्राची वाटचाल

इ. स. १८९६ च्या सप्टेंबर महिन्यात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांना गाठीच्या प्लेगचे रुग्ण आढळले. ६ ऑक्टोबर रोजी महापालिकेच्या आयुक्तांनी आदेश काढला आणि रोगाचा संशय येईल त्या व्यक्तीस सक्तीने रुग्णालयात हलविण्याची मुभा अधिकाऱ्यांना मिळाली. त्याबरोबर शहरात कुजबूज सुरू झाली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, तेथे त्याला मुद्दाम मारले जाते, असे लोक एकमेकांना सांगू लागले. २९ ऑक्टोबरला सुमारे हजार गिरणी कामगार आर्थर रोडवरील रुग्णालयावर चालून गेले.

यांपैकी बहुतेक कामगार एरवी सकाळी भोंगा वाजताच कामावर जाणारे, घरसंसार सांभाळणारे होते. त्यांतील एखादा एकटाच असता, तर त्याने रुग्णालयावर हात उगारला असता काय? इतर माणसांच्या प्रत्यक्ष वा कल्पित उपस्थितीमुळे व्यक्तीचे विचार, भावना आणि वर्तन कसे घडते अथवा बदलते, याचा शास्त्रीय अभ्यास म्हणजे सामाजिक मानसशास्त्र होय. समाजशास्त्र कुटुंब, जात, वर्ग अशा संस्थांचा व समूहांचा विचार करते. सामान्य मानसशास्त्र व्यक्तीच्या मनाचा वेध घेते. सामाजिक मानसशास्त्र या दोहोंच्या सीमेवर उभे आहे. त्याचा अभ्यासविषय व्यक्तीच असते. परंतु ती माणसांत वावरणारी व्यक्ती असते.

मुंबईतील या घटनेच्या आदल्याच वर्षी, १८९५ मध्ये, गुस्ताव्ह ल बाँ या फ्रेंच लेखकाचा जमावाच्या मानसशास्त्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला होता. जमावात शिरताच माणसाची विवेकबुद्धी लोपते आणि तो सामूहिक मनाच्या आधीन होतो, असे त्याचे प्रतिपादन होते. हे मत फार लोकप्रिय झाले, कदाचित राज्यकर्त्यांना ते सोयीचे होते म्हणूनही. जमाव मुळातच अविवेकी ठरला, की तो का चिडला हे विचारण्याची गरजच उरत नाही. आर्थर रोडवर जमलेल्यांच्या मनातील कथा खोटी होती. भीती मात्र निराधार नव्हती. घरातील माणसाला परक्यांनी उचलून न्यावे, त्याच्या अन्नपाण्याची, शिवाशिवीची, मरणोत्तर संस्कारांची कोणतीही शाश्वती नसावी, ही परिस्थिती खरी होती. त्यानंतर महापालिकेला आपली सक्ती सैल करावी लागली.

या शास्त्राला प्रयोगाची जोड मिळाली ती अगदी साध्या निरीक्षणातून. एकट्याने सायकल चालविणाऱ्यापेक्षा इतरांबरोबर शर्यतीत उतरलेला स्वार अधिक वेगाने जातो, हे नॉर्मन ट्रिप्लेट यांच्या ध्यानी आले. मग त्यांनी मुलांना रीळ गुंडाळावयास देऊन तीच गोष्ट तपासली आणि १८९८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९०८ साली या विषयावरील दोन ग्रंथ निघाले. एकाचे लेखक विल्यम मॅक्डूगल हे मानसशास्त्रज्ञ, तर दुसऱ्याचे एडवर्ड रॉस हे समाजशास्त्रज्ञ होते. मॅक्डूगल यांनी सामाजिक वर्तनाचे मूळ सहजप्रवृत्तींत शोधले. रॉस यांनी अनुकरण व सूचना यांवर भर दिला. पुढे १९२४ मध्ये फ्लॉइड ऑलपोर्ट यांनी समूहाला व्यक्तींहून वेगळे मन नसते, असे ठामपणे मांडले.

मूळचे तुर्कस्तानचे असलेले मुझफर शेरीफ यांचा प्रयोग येथे विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. पूर्ण अंधाऱ्या खोलीत प्रकाशाचा स्थिर ठिपका पाहिला, तर तो हलल्यासारखा भासतो. तो किती हलला हे प्रत्येकाला एकट्याने विचारले असता उत्तरे भिन्न येत. तेच लोक एकत्र बसून उत्तरे देऊ लागले, की हळूहळू त्यांचा एक सामायिक अंदाज तयार होई. म्हणजे जेथे वस्तुस्थिती अस्पष्ट असते, तेथे माणूस इतरांच्या डोळ्यांनी पाहू लागतो. सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात याहून कठीण प्रश्न विचारला : वस्तुस्थिती स्पष्ट दिसत असेल तर? त्यांनी रेषांची लांबी ओळखण्यास सांगितले. खोलीतील इतर सर्व जण आधीच ठरवून चुकीचे उत्तर देत. सुमारे एकतृतीयांश वेळा खऱ्या प्रयुक्तानेही त्यांचीच री ओढली. मात्र इतरांपैकी एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी चुकीला होकार देण्याचे प्रमाण बरेच घटले.

भारतात या विषयाची सुरुवात लवकर झाली. कलकत्ता विद्यापीठात १९१६ मध्ये मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग स्थापन झाला. त्याचे पहिले प्रमुख नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांनी राधाकमल मुखर्जी यांच्यासह १९२८ मध्ये सामाजिक मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला. तथापि भारतीय संशोधनाचे सर्वांत दूरगामी योगदान एका आपत्तीतून आले. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहार व नेपाळ भूकंपाने हादरले. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद यांनी टिपून ठेवल्या. वादळ येणार, महापूर येणार, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार, असे लोक सांगत होते. भयभीत माणसांनी स्वतःचे भय वाढविणाऱ्याच गोष्टींवर विश्वास का ठेवावा? पुढे दार्जिलिंग परिसरातील दरडींनंतरच्या अफवांचा अभ्यास दुर्गानंद सिन्हा यांनी १९५२ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे संहार लोकांच्या डोळ्यांसमोर होता आणि भावी संकटांच्या अशा अफवा मात्र आढळल्या नाहीत. लिऑन फेस्टिंगर या अमेरिकन संशोधकाला या दोन अभ्यासांच्या तुलनेत उत्तर सापडले. प्रसाद यांच्या नोंदींतील माणसांना जबर धक्का जाणवला होता, पण भोवताली पडझड दिसत नव्हती. मनात भीती होती आणि तिला साजेसे कारण नव्हते. अफवेने ते कारण पुरविले. येथूनच सुचलेला बोधात्मक विसंवादाचा सिद्धांत फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. परदेशी सिद्धांत म्हणून आपण तो शिकतो. त्याचे बीज बिहारच्या मातीत आहे.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच जणांना ठार मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजातील ही माणसे भिक्षा मागत फिरणारी होती. मुले पळविणाऱ्या टोळ्या फिरत असल्याचे संदेश तेव्हा व्हॉट्सॲपवरून पसरत होते. त्याच महिन्यात एक संदेश एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे पाठविण्यावर त्या कंपनीने भारतात मर्यादा घातली. मर्यादेमुळे संदेशाचा वेग घटतो. परंतु पाचांपैकी प्रत्येकाला तो खरा का वाटावा, आणि अनोळखी भटक्या माणसाकडे पाहताच ती भीती त्याच्यावरच का खिळावी, या प्रश्नांची उत्तरे यंत्रात सापडत नाहीत. गावात येणाऱ्या भटक्यांविषयी पूर्वीपासून चालत आलेल्या संशयाचा अभ्यास त्यासाठी करावा लागतो. गुन्हेगार जमाती ठरविणारा १८७१ चा ब्रिटिश कायदा आणि तो रद्द झाल्यानंतरही मागे राहिलेला शिक्का हा त्याच अभ्यासाचा भाग आहे.