शमशोन, सिंह आणि मूर्तीत नसलेली नवरी

आज एका लाकडी मूर्तीविषयी बोलू या. लांब केसांचा एक तरुण सिंहावर गुडघा रोवून दोन्ही हातांनी त्याचा जबडा फाडतोय. युरोपातल्या कारागिरांचा हा आवडता विषय. ग्रीक कथेतला हर्क्युलिसही सिंह मारतो, म्हणून बघणाऱ्याची गल्लत होते. पण त्याच्याजवळ बहुधा सोटा किंवा सिंहाचं कातडं दिसतं. हा शमशोन, बायबलातल्या ‘शास्ते’ या पुस्तकातला. डोक्याला वस्तरा लागू द्यायचा नाही, हे त्याचं जन्मापासूनचं व्रत; म्हणून ते केस.

हा सिंह त्याला भेटतो तिम्ना गावाच्या वाटेवर. तिथली एक पलिष्टी मुलगी त्याने पसंत केलेली असते. पुढे मेलेल्या सिंहात मधमाश्यांचं मोहोळ लागतं आणि त्यावरून शमशोन लग्नाच्या जेवणावळीत कोडं घालतो. पैज तीस जोड कपड्यांची! तीस पाहुण्यांना उत्तर येत नाही. मग ते नवरीला धमकावतात : नवऱ्याकडून उत्तर काढ, नाहीतर तुला आणि तुझ्या बापाच्या घराला जाळू. ती रडून-रडून उत्तर मिळवते आणि सांगते. शमशोन चिडून निघून जातो, बाप तिला दुसऱ्याच्या हाती देतो. शमशोन सूड म्हणून पलिष्ट्यांची शेतं पेटवतो, तेव्हा ते तिला आणि तिच्या बापाला खरंच जाळतात.

पैज पुरुषांची, धमकीही त्यांचीच. आमच्या गटात ही गोष्ट वाचली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. दलीलाचं नाव जगाला पाठ आहे. या मुलीचं नाव ग्रंथात दिलेलंच नाही.

मूर्ती कोरणाऱ्याला मात्र सिंहच हवा, आणि त्याला कारण लाकडाचंही आहे. अशा लहान मूर्तींसाठी युरोपात बॉक्सवुड वापरत. हे झाड फार सावकाश वाढतं, खोड बारीक राहतं, म्हणून मूर्तीही लहानच. लाकूड पिवळसर आणि इतकं घट्ट की पाण्यात बुडतं. केसाची बट, सिंहाचा दात, सगळं त्यात बारीक उतरतं. पण रेषेला आडवा, सुटा हात कोरला तर तो मोडायची भीती. इथे शमशोनचे हात सिंहाच्या तोंडात अडकलेले, गुडघा त्याच्या पाठीवर. सगळं एकमेकांना धरून. अशी मूर्ती पाहायला मिळाली तर मागून जरूर बघा. पाठीवर रुळणारे केस कारागिराने किती मन लावून कोरलेत, ते तिथूनच कळतं.