स्टाफला विचारण्याआधी वही काढा

क्रांती चौकातलं माझं दुकान रात्री साडेनऊऐवजी साडेदहाला बंद करायचं डोक्यात होतं. पण लगेच स्टाफला विचारलं नाही. मालकाने 'विचारलं' म्हणजे ठरवलंच, असं पोरं धरतात, आणि चांगला माणूस गुपचूप दुसरीकडे काम बघायला लागतो.

म्हणून आधी हिशेब. पगार 12,480 रुपये. 26 दिवस, 8 तास धरले तर तासाला 60. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा जादा तासांना दुप्पट मजुरी सांगतो. तीन माणसांच्या दुकानाला ते कलम लागत नाही, पण मी दर तोच धरला. 120 गुणिले तीन, रोजचे 360. माझं मार्जिन 18 टक्के. म्हणजे त्या एका तासात 2,000 ची विक्री झाली तर नुसती मजुरी निघते. लाइटबिल वेगळंच!

मग दोन आठवडे मी एकटाच साडेदहापर्यंत बसलो. (घरी काय ऐकावं लागलं ते सोडा.) शनिवार-रविवारी चार हजारांच्या आसपास, बाकी दिवशी सातशेही नाही.

आता प्रश्नच बदलला: फक्त दोन दिवस, तासाला 120 रुपये, कोण थांबेल? दोघं तयार झाले. तिसऱ्याची गावाकडची शेवटची एसटी दहाच्या आत सुटते. हे माझ्या वहीत नव्हतं. त्या दोन रात्री त्याच्या काउंटरला मीच असतो.