प्लास्टिक तोडणारे विकर आणि आपल्या वस्तीतला धूर

'प्लास्टिक खाणारा जंतू सापडला, आता कचऱ्याची चिंता मिटली' अशी बातमी मोबाइलवर अधूनमधून फिरत असते. दिंडोरीच्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या बैठका घेताना माता-भगिनी आम्हाला विचारतात, 'ती पावडर कुठे मिळते? उकिरड्यावर टाकली तर चालेल का?' तथागतांनी कालामांना सांगितले होते की, कोणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. या बातमीलाही आपण तोच नियम लावू. बातमी खोटी नाही, पण अर्धी आहे.

विकर म्हणजे काय?

भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिला की गोड लागू लागतो. आपल्या लाळेतले विकर, म्हणजेच एन्झाइम, भाकरीतल्या पिठूळ पदार्थाचे तुकडे करून त्याची साखर बनवते. विकर म्हणजे जिवंत पेशीने तयार केलेली कात्री. ती स्वतः संपत नाही, एकामागून एक सांधे कापत जाते. मात्र प्रत्येक कात्री ठरावीक सांधाच कापते. भाकरी तोडणारे विकर तेल तोडत नाही.

प्लास्टिक ही माणसाने बनवलेली लांबच लांब साखळी आहे. ती निसर्गाला नवी असल्यामुळे तिला कापणारी कात्री निसर्गात सहसा मिळत नाही. म्हणून पिशवी वर्षानुवर्षे तशीच पडून राहते.

उकिरड्यातली कात्री

पाण्याच्या आणि थंड पेयाच्या पारदर्शक बाटल्या 'पेट' नावाच्या प्लास्टिकच्या असतात. आपल्या पॉलिस्टर साड्यांचा धागाही त्याच जातीचा. २०१६ साली जपानमधल्या शास्त्रज्ञांनी साकाई शहरातल्या बाटल्यांच्या पुनर्वापर केंद्राजवळ एक जिवाणू सापडल्याचे जाहीर केले. तो पेट खाऊन जगतो. मोबाइलवरची बातमी मुळात ही आहे. पण त्याचे काम फार धीमे, आणि त्याचे विकर उष्णता सोसत नाही.

उष्णता कशाला हवी? थंडीत गोठलेले तूप आणि कढवलेले तूप आठवा. घट्ट तुपात चमचा रुतत नाही. पेटचेही तसेच आहे. साधारण ७० अंशांच्या आसपास त्याच्या साखळ्या सैल होतात आणि मगच कात्रीला शिरायला जागा मिळते. पण विकर हे प्रथिन आहे. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट होतो, कारण त्यातल्या प्रथिनांची घडी मोडते. विकराची घडी मोडली की त्याची धारही गेली. म्हणजे प्लास्टिक मऊ होईल इतके तापवायचे आणि विकर मात्र उकडू द्यायचे नाही, हा पेच आहे.

उष्णता सोसणारी विकरे निसर्गात आहेत. कोरोनात नाकातला नमुना घेऊन आरटी-पीसीआर तपासणी होत होती. तीत नमुना वारंवार सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवावा लागतो. तिथे टिकणारे विकर मुळात अमेरिकेतल्या गरम पाण्याच्या झऱ्यांतल्या जिवाणूचे आहे. आपल्याकडे वज्रेश्वरीला आहेत, तसेच ते झरे.

प्लास्टिकसाठीची कात्री सापडली पालापाचोळ्याच्या खतात. उकिरडा उकरला की आतून वाफ निघते, हे आपण पाहिलेले आहे. अशा गरम खतातले जिवाणू पानांवरची मेणचट साल तोडतात. त्या सालीतला सांधा आणि पेटमधला सांधा एकाच प्रकारचा. २०१२ साली जपानी शास्त्रज्ञांनी खतातल्या या विकराची माहिती प्रसिद्ध केली.

पुढे फ्रान्समधल्या तुलूझचे संशोधक आणि कार्बिओस ही कंपनी यांनी त्यात सुधारणा केली. मूळ विकराची घडी एका जागी कॅल्शियम धरून ठेवते. तिथे त्यांनी गंधकाचा पक्का टाका घातला. गोधडीला जादा टाका घालावा तसा. त्यामुळे विकर आणखी सुमारे १० अंश उष्णता सोसू लागले. कात्रीच्या पात्यातही बदल केला. २०२० साली त्यांनी दाखवून दिले की ७२ अंशांवर १० तासांत ९० टक्के पेट सुटे होते. जे उरते ते मूळ कच्चा माल असते आणि त्यापासून पुन्हा नवी बाटली बनवता येते. २०२२ साली अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठाने संगणकाच्या मदतीने ५० अंशांवर काम करणारे दुसरे विकर तयार केले.

ते काय करू शकत नाही?

पहिली गोष्ट, हे विकर फक्त पेटवर चालते. दुधाची पिशवी, कॅरीबॅग, शेतातला मल्चिंग पेपर, ठिबकची नळी, थर्माकोल, पीव्हीसी पाइप, वेफर्सची चकचकीत पुडी यांच्यावर ते चालत नाही. दुसरी गोष्ट, बाटल्या आधी वेगळ्या काढाव्या लागतात, वितळवून झटकन थंड कराव्या लागतात, बारीक कराव्या लागतात आणि मग तापमान राखलेल्या टाकीत टाकाव्या लागतात. दिंडोरीचा उन्हाळा कितीही तापला तरी ७२ अंश होत नाही. म्हणून उकिरड्यावर किंवा नाल्यात टाकून प्लास्टिक नाहीसे करणारी कुठलीही पावडर कोणी विकायला आणली, तर पैसे देऊ नका.

तोपर्यंत धूर कोणाच्या छातीत?

चूल पेटवायला पिशवीचा तुकडा, संध्याकाळी गल्लीच्या कोपऱ्यात पेटवलेला ढीग, थंडीत टायर. हा धूर लाकडाच्या धुरापेक्षा जास्त घातक असतो. अर्धवट जळणाऱ्या प्लास्टिकमधून कार्बन मोनॉक्साइड निघतो. पीव्हीसीमधून घसा जाळणारा आम्लाचा वायू आणि डायॉक्सिन नावाची विषे निघतात. डायॉक्सिन मातीवर, चाऱ्यावर बसते आणि दूध-अंड्यांतून पुन्हा आपल्या पोटात येते. लहान मुले, गरोदर बाई आणि दम्याचा रुग्ण यांना सगळ्यात आधी त्रास होतो. म्हणून आमचे कळकळीचे सांगणे आहे :

- चुलीत प्लास्टिकचा एक तुकडाही नको. पेटवायला काटक्या, भुसा, कागद वापरा.
- ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवा. बाटल्या स्वच्छ राहिल्या तर भंगारात भाव येतो आणि खऱ्या पुनर्वापरालाही त्याच लागतात.
- द्राक्षबागेतल्या औषधाचा रिकामा डबा कितीही धुतला तरी पाणी, तेल, धान्यासाठी वापरू नका. तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या टाकीत घाला आणि डब्याला भोके पाडा.
- गरम चहा पातळ पिशवीत आणू नका. किटली न्या.
- कचरा हाताळणाऱ्यांनी हातमोजे आणि बंद चप्पल-बूट वापरावेत आणि धनुर्वाताची लस वेळेवर घ्यावी. सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवून त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे.

कात्री कोणाच्या हाती?

विकर कितीही हुशार झाले तरी बाटली वेगळी काढणारे हात लागणारच. ते हात आज बहुतेक आपल्याच भगिनींचे आहेत. जात कामाचीच नाही, काम करणाऱ्या माणसांचीही उतरंड लावते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्येच मांडले. यंत्र आले म्हणून ती उतरंड आपोआप मोडत नाही. पुण्यात कचरावेचक स्त्रियांनी १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली. पुढे 'स्वच्छ' या सहकारी संस्थेमार्फत महापालिकेशी करार करून घराघरांतून कचरा गोळा करण्याचे काम, ओळखपत्र आणि मोबदला मिळवला. त्या स्त्रिया बहुसंख्येने दलित आहेत.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली, आणि उघड्यावर कचरा जाळायला मनाई केली. केंद्राच्या 'नमस्ते' योजनेतही आता कचरावेचकांची नोंद होते. दिंडोरी नगरपंचायतीकडे आपण तीन गोष्टी मागू या : वस्तीत नियमित घंटागाडी, वेचकांची नोंद व ओळखपत्र, आणि हातमोज्यांसह सुरक्षा साहित्य. विहाराच्या पुढच्या सभेत हा अर्ज वाचून त्यावर सह्या घ्या. मोर्चासारखेच अर्जालाही बळ लागते, आणि ते संख्येने येते.

येत्या जयंतीला पाण्याचे पाऊच आणि थर्माकोलच्या ताटल्यांऐवजी माठ आणि स्टीलची भांडी ठेवू या. विज्ञानाची कात्री तयार होते आहे. तिची वाट पाहताना आपल्या लेकरांच्या छातीत धूर जाता कामा नये.

नमो बुद्धाय! जयभीम!