अडुळशाचे श्रेय आणि मर्यादा

ज्याच्या परसात अडुळसा नाही, त्यालाही त्याच्या काढ्याची कडू चव ठाऊक असते. या काढ्याला निव्वळ समजूत म्हणून हसण्याचे कारण नाही. अडुळशाच्या पानांतील वासिसिन या द्रव्याच्या धर्तीवरच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोम्हेक्झिन हे कफ पातळ करणारे औषध घडविले आणि १९६३ साली ते प्रचारात आले. अँब्रॉक्झॉल हे त्याचेच पुढले रूप. दमेकऱ्यांना कित्येक दशके दिले गेलेले थिओफायलिन १८८८ साली प्रथम सापडले तेही चहाच्या पानांतच.

मात्र पानापासून औषध निघाले म्हणून पानाची पूड भरलेली प्रत्येक बाटली औषध ठरत नाही. सीओपीडी हा फुप्फुसांचा जीर्ण विकार विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना होतो, तसाच चुलीच्या धुरात आयुष्य घालविलेल्या स्त्रियांनाही होतो. त्यात नष्ट झालेले वायुकोश कोणत्याही मुळी-पाल्याने पुन्हा उभे राहत नाहीत. अशा रुग्णाने फवाऱ्याचे औषध महाग म्हणून बाजूस ठेवावे आणि तेच पैसे 'शंभर टक्के नैसर्गिक' अशा चूर्णावर खर्चावेत, हा शुद्ध आत्मघात होय.

'नैसर्गिक' म्हणजे निरुपद्रवी, हेही खरे नव्हे. गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटीन फुप्फुसांचे रक्षण करील या आशेने फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आला तो नेमका उलटा! त्याच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला. गाजर खाणे निराळे आणि त्यातील एकच द्रव्य गोळीतून घेत राहणे निराळे, हा विवेक जाहिरातदारांना परवडत नसावा.

खरा आधार बहुधा ताटातच असतो. या रुग्णाची पुष्कळशी शक्ती श्वास घेण्यातच खर्ची पडते. तो वाळत जातो, स्नायू झिजतात. भरल्या पोटी धाप वाढते म्हणून त्याने थोडेथोडे पण अनेकदा खावे आणि त्यात डाळी, उसळी, शेंगदाणे असावेत. हा सल्ला बाटलीत भरून विकता येत नाही, म्हणून त्याची जाहिरातही होत नाही.

ज्येष्ठमधाचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. घशाला ते सुखावते. पण दीर्घकाळ व अधिक प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढवते आणि रक्तातील पोटॅशियम घटवते. दम्याची काही औषधे आणि स्टेरॉइड्सही पोटॅशियम घटवितात. दोन्ही एकत्र आल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. पण डॉक्टर रागावतील या धास्तीने रुग्ण काढ्याचे नाव काढीत नाही, घाईत असलेले डॉक्टरही विचारीत नाहीत, आणि औषधांच्या कागदावर ज्येष्ठमधाची नोंद कोठेच होत नाही.