मक्याचे पाणी केव्हा वाचवावे, केव्हा वाचवू नये



उसाला पाण्याची पाळी चुकली तर काय होते, हे आपणांस सांगायला नको. कांड्या आखूड पडतात, वजन घटते. पण पुढे पाणी मिळाले की ऊस पुन्हा वाढीला लागतो. पुसद, उमरखेड, महागाव भागात कालव्यावर किंवा विहिरीवर उसाबरोबर मका घेणारे काही सभासद मक्यालाही हाच हिशेब लावतात. चूक होते ती इथेच.

ऊस आणि मका दोघे एकाच गवत कुळातले. उन्हाच्या बळावर हवेतील कर्बवायूपासून अन्न तयार करण्याची दोघांची रीतही एकच. पण उसाचे आपण खोड विकतो आणि मक्याचा दाणा. दाणा धरण्याचा काळ जेमतेम दोन आठवड्यांचा!

ओल कमी पडली की मका पाने सुरळीसारखी गुंडाळतो. पानांवरील बारीक छिद्रे मिटतात. पाणी वाचते खरे, पण त्याच छिद्रांतून येणारा कर्बवायूही थांबतो. गव्हाणीत ऊस पडायचा थांबला की कारखाना थांबतो, तसेच हे. पीक गुडघाभर असताना असा ताण बसला तर ते पुष्कळसे सावरते.

तुऱ्याच्या वेळी मात्र सावरणे नाही. पेरणीपासून साधारण ५० ते ६० दिवसांनी तुरा येतो. रब्बीत थंडीमुळे आणखी उशीर लागतो. कणसाचा एकेक रेशमी केस म्हणजे एकेक दाणा. ताण पडला की तुरा वेळेवर येतो, पण केस मागे राहतात. ते बाहेर येईतो पराग झडून गेलेला असतो. मग कणीस बोडके राहते. नंतर कितीही पाणी सोडा, तो दाणा भरत नाही.

आता खताचे. नत्र कमी पडले की खालची पाने टोकाकडून मधल्या शिरेने पिवळी पडत जातात. स्फुरद कमी पडले तर लहान रोपावर जांभळी झाक येते. परंतु खत मुळांना मिळते ते ओलीतूनच. वरवर फेकलेल्या युरियातील बरेच नत्र वायुरूपाने उडून जाते. उलट, सगळे नत्र आरंभीच दिले तर पाने माजतात, जमिनीतील ओल लवकर संपवतात आणि ऐन तुऱ्याला रान कोरडे पडते.

मग करायचे काय? हेक्टरी १२० किलो नत्र, ६० स्फुरद व ४० पालाश ही नेहमीची मात्रा. नत्राचे तीन हप्ते करावेत: पेरणीला, ३० दिवसांनी व ४५ दिवसांच्या सुमारास. स्फुरद सुपर फॉस्फेटमधून दिले असेल तर एका हप्त्याला एकरी सुमारे ३५ किलो युरिया लागतो. तो ओलीवर, मातीआड द्यावा. पुढच्या पाण्याची खात्री नसेल तर शेवटचा हप्ता आखडावा.

एका एकराला पाच सेंटिमीटर पाणी म्हणजे दोन लाख लिटर. विहिरीत तीनच पाळ्या असतील तर पहिली उगवणीला, दुसरी तुरा डोकावताच आणि तिसरी दाणा भरताना द्यावी. मुरमाड रान ओल धरत नाही. तिथे मका घेऊच नये, भारी जमिनीतच घ्यावा.

पाणी दोन एकरांचे नसेल तर एकच एकर पेरावा. दोन एकर बोडक्या कणसांपेक्षा एक एकर भरलेली कणसे केव्हाही बरी.